मिठाला न जागणारा मासा

इंग्लंडातल्या तळ्याकाठी कार्प धरायला बसलेल्या गळवाल्याच्या बादलीत डोकावले, तर भांगेचे शिजवलेले बी दिसते (नशेचे नव्हे, पाखरांना घालतात ते), फुगवलेला मका दिसतो, कुस्करलेल्या बॉयली दिसतात आणि या सगळ्यावर भुरभुरलेले गुलाबी सैंधव दिसते. बॉयली म्हणजे अंड्यात मळून उकडलेल्या पिठाच्या गोळ्या. कार्पसाठी आज तिकडे हेच मुख्य आमिष. मीठ कशाला, असे विचारले की उत्तर तयार असते. कार्पला मिठाची भूक असते, मीठ पाण्यात उतरले की तो लांबून ओढला जातो. नवशिक्याला हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते आणि तो ते पुढच्याला सांगतो.

बादलीत मीठ टाकू नये असे माझे म्हणणे नाही. ज्या कारणासाठी ते टाकतात ते कारण टिकत नाही, आणि ज्या कामी ते खरोखर येते त्याचा उच्चार क्वचित होतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, आणि हा पूर्वपक्ष वाटतो तितका पोकळ नाही. कार्पच्या रक्तात क्षार आहेत, साधारण समुद्राच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके. भोवतालच्या गोड्या पाण्यात ते नगण्य. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरते आणि क्षार सतत बाहेर झिरपतात. शिरलेले पाणी मूत्रपिंड भरपूर, पातळ लघवीवाटे काढून टाकते, तिच्याबरोबर आणखी थोडे मीठ जाते. म्हणजे हा मासा जन्मभर मीठ गमावत असतो. हिवाळाभर त्याचे खाणे जवळजवळ थांबलेले असते, म्हणून वसंतात तो मिठाला वखवखलेला असणार, असे हे लोक म्हणतात. गोठ्यातली गुरे चाटणविटेवर जीभ घासतात, गवे आणि सांबरे खाऱ्या मातीवर येतात, केनियात माउंट एल्गनवरच्या किटुम गुहेत हत्ती काळोखात शिरून सुळ्यांनी भिंत फोडतात ते क्षारासाठीच. मग कार्पने काय घोडे मारले आहे? शिवाय मिठाने अंगावरच्या जळवा आणि परजीवी सुटतात, मिठाने तहान लागते आणि पोट लवकर मोकळे होते, म्हणून मासा जास्त खातो, अशी पुरवणीही असते. आणि शेवटी हुकमाचा एक्का: मीठ घातले आणि मासा लागला.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. क्षार झिरपतात, यात वाद नाही. पण झिरपणारे भांडे रिकामे राहते की कुणी ते भरत असते, हे पाहायला नको का? डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळाले ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी. पण १९३० च्या दशकात त्यांनी गोड्या पाण्यातल्या प्राण्यांकडे मोर्चा वळवला. त्यांनी गोल्डफिश घेतला, जो कार्पचा जवळचा भाऊबंद. अंगातले क्षार कमी व्हावेत म्हणून त्याला आधी निव्वळ शुद्ध पाण्यात ठेवले आणि मग मिठाच्या अत्यंत विरळ पाण्यात सोडले. मासा त्या विरळ पाण्यातून क्लोराइड ओढून घेऊ लागला, तेही तोंडाने न खाता, कल्ल्यांतून. कल्ल्यांच्या पापुद्र्यांत यासाठी खास पेशी असतात आणि त्या ऊर्जा खर्चून चढाच्या दिशेने आयन आत घेतात. इंग्लंडच्या सखल भागातल्या तळ्यात लिटरमागे वीस-तीस मिलिग्रॅम क्लोराइड असणे ही नवलाची गोष्ट नाही. या पेशींना तेवढे पुष्कळ झाले.

दुसरा पुरवठा पोटातून होतो. कार्प तळचा गाळ उपसून खातो तो डासवजा माश्यांच्या लाल अळ्यांसाठी, गोगलगायींसाठी, शिंपल्यांसाठी. या प्रत्येक जीवाच्या अंगात त्याचे स्वतःचे क्षार असतात. इथेच चाटणविटेचा दाखला कोसळतो. गाय, गवा, हत्ती मिठाला धावतात, कारण गवत-पाल्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार थोडे असते. त्यांच्या ताटातच ती उणीव आहे. वाघाला चाटणविटेची गरज पडत नाही, त्याला सोडियम सांबरातूनच मिळते. कार्प मिश्राहारी आहे, आणि त्यातला मोठा वाटा प्राणिज. अमेरिकेत कर्ट रिक्टर यांनी १९३६ साली अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांपुढे मिठाचे पाणी ठेवले, तर ते उंदीर त्यावर तुटून पडले आणि त्यावर जगलेही. मिठाची भूक म्हणतात ती ही, आणि ती खरी आहे. पण उंदराला मीठ मिळवायला तोंड हा एकच मार्ग आहे. कार्पला दोन आहेत, आणि त्यातला एक दिवसरात्र चालू असतो. उंदरावरून कार्पवर उडी मारताना हा फरक वाटेतच सांडतो.

तहानेचा मुद्दा झटक्यात निकालात निघतो. पाणी समुद्रातल्या माशाला प्यावे लागते, कारण खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. होमर स्मिथ यांनी ते १९३० साली दाखवले. गोड्या पाण्यातल्या माशाची अडचण नेमकी उलटी, नको इतके पाणी आत येण्याची. ज्याला पाणी बाहेर काढता काढता पुरेवाट होते त्याला तहान लावण्याची भाषा तळ्याकाठी बसलेल्या माणसाच्या घशातून आलेली आहे.

परजीवींचे प्रकरण मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण इथे मीठ खरेच औषध आहे. आपल्याकडे मत्स्यबीज तळ्यात सोडण्यापूर्वी बोटुकल्यांना मिठाच्या पाण्यात बुडवून काढण्याची रीत आहे. दोन-तीन टक्क्यांचे द्रावण टबात करतात, जाळीत बोटुकल्या घेऊन त्यात धरतात आणि नजर त्यांच्यावरून हलू देत नाहीत. त्या आधी सैरावैरा पळतात, मग पृष्ठभागाशी येतात, कुशीवर कलू लागल्या की लगेच उचलून ताज्या पाण्यात. दोन-चार मिनिटांचा खेळ. ज्या माशाला मिठाची म्हणे ओढ आहे, तो मिठाच्या पाण्यातून निसटायला धडपडतो हे या टबात कुणालाही दिसेल. मात्र त्यावरून कार्पला मीठ नावडते असा उलट निष्कर्षही मी काढणार नाही, कारण तीन टक्के ही मात्रा कुणालाही असह्य व्हावी अशीच आहे. पाहायची आहे ती मात्रा. माशांच्या वाहतुकीत ताण कमी व्हावा म्हणून पाण्यात घालतात ते मीठही साधारण ०.३ ते ०.५ टक्के असते. एक एकराचे, सरासरी दीड मीटर खोलीचे तळे धरा. त्यात सुमारे ६,००० घनमीटर पाणी. ते ०.३ टक्क्यांवर न्यायचे तर १८ टन मीठ लागेल. गळवाला टाकतो मूठभर, फार तर किलोभर. एवढ्याने जळू सुटणार असेल तर ती आधीच सुटायच्या बेतात असणार.

त्याच तळ्यात एक किलो मीठ सगळीकडे सारखे मिसळले तर लिटरमागे जेमतेम ०.१७ मिलिग्रॅमची भर पडते, तीही मुळातल्या वीस-तीस मिलिग्रॅमवर. यावर मीठवाला म्हणेल, सारखे मिसळण्याची वाट कोण पाहतो? जिथे टाकले तिथे ते दाटच असणार. मान्य. पण मिठाचे दाट पाणी जड असते. ते वर उठून तळ्यात दूरवर पसरत नाही, खाली बसते, उतार मिळेल तिकडे ओघळते आणि खळग्यातल्या गाळात मुरते. मिठाचा खांब पाण्यात उभा राहतो आणि मासे त्याच्या वासाने येतात, हे वर्णन पाण्याच्या वागणुकीच्याच विरुद्ध आहे. मीठ आपले अस्तित्व दाखवते ते फक्त टाकल्या जागेच्या आसपास, आणि तिथे मासा दुसऱ्या कशासाठी तरी आधीच आलेला असावा लागतो.

बरे, माशाला मीठ कळते का? कळते. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांच्या शिष्यांनी कार्पच्याच कुळातल्या छोट्या मिनो माशांना शिकवून दाखवले होते, की त्यांना खारट, गोड, आंबट, कडू यांतला फरक ओळखता येतो. मीठवाले इथे हुरळतात. पण ओळखणे वेगळे आणि ओढले जाणे वेगळे. मिनोला खारटाची खूण पटली ती त्यानंतर खाणे मिळते हे त्याला शिकवले म्हणून. लांबून बोलावण्याचे काम मुख्यतः नाकाचे आहे, आणि माशाचे नाक अमिनो आम्लांना इतके तिखट असते की लिटरमागे काही मायक्रोग्रॅम मात्राही त्याला पुरते. सडलेला शिंपला, चिरडलेली अळी, फिशमील यांतून तीच सुटतात. मीठ त्या पंक्तीत बसत नाही, कारण सोडियम आणि क्लोराइड तळ्याच्या पाण्यात सगळीकडे आधीच भरलेले असतात. सतत चाललेल्या गलक्यात आणखी एक तसाच आवाज मिसळला तर कोण मान वळवील?

जवळ आल्यावर निवाडा करते ते तोंड, आणि कार्पचे तोंड हा एक चमत्कारच आहे. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला फर्डिनांड सिबिंग यांनी १९८० च्या दशकात क्ष-किरणांच्या चित्रफितीवर त्याचे खाणे टिपले. मासा गाळाचा घास ओढतो आणि तोंड मिटतो. टाळूवर एक मांसल, स्नायूंची गादी असते, चवीच्या कळ्यांनी खच्चून भरलेली. ती जिथे खाद्याचा कण लागेल तिथे फुगते, त्या कणाला तळाशी दाबून धरते, आणि बाकीची वाळू-माती कल्ल्यांवाटे किंवा ओठांतून परत बाहेर जाते. एकाच घासात काही कण पकडलेले आणि काही सुटलेले. मग पकडलेले मागे घशातल्या दातांकडे जातात. या कामासाठी त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात चवीचा एक वेगळाच फुगीर गोळा असतो. हा मासा तोंडातल्या तोंडात अळी आणि खडा वेगळे करतो. त्याला मिठाच्या खड्यावर भुलवायला निघणे म्हणजे सराफाला रंगावरून सोने विकणे. मॉस्को विद्यापीठातल्या अलेक्झांडर कासुम्यान यांनी माशांच्या चवीवर आयुष्यभर काम केले. सिस्टीन, प्रोलीन अशा अमिनो आम्लांनी कार्प घास ठेवून घेतो, काही दुसऱ्या अमिनो आम्लांनी थुंकतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. खाद्य बनवणाऱ्याने डोके लावायचे ते इथे.

आता गुलाबी रंगाबद्दल. हे सैंधव पाकिस्तानी पंजाबात झेलम जिल्ह्यातल्या खेवड्याच्या खाणीतून येते. विक्रीच्या पिशवीवर हिमालय छापलेला असला तरी ती खाण सॉल्ट रेंजच्या डोंगरांत आहे, हिमालयापासून पुष्कळ दूर. पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचे ते अवशेष. त्यातले ९७-९८ टक्के साधे सोडियम क्लोराइडच, आणि गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे गंजाची. चौऱ्याऐंशी खनिजांचे कौतुक उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत बसवायचे. त्यापेक्षा किती तरी जास्त कॅल्शियम गोगलगाईच्या एका शंखात असते आणि तो शंख कार्प फुकटात फोडतो. आपल्याकडे उपवासाला शेंदेलोण चालते, ते श्रद्धेच्या हिशेबात आहे आणि तिथे ते शोभते. माशाला एकादशी नसते.

इंग्लंडला खेवड्याकडे पाहायचेही कारण नाही. चेशायरमध्ये विन्सफर्डला त्यांची स्वतःची मिठाची खाण १८४४ पासून आहे. तिथले तपकिरी खडेमीठ दर हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर पसरतात, आणि वितळलेल्या पाण्याबरोबर ते गटारांतून ओढ्यांत आणि तळ्यांत उतरते. गुलाबी नसले तरी रसायन तेच, मात्रा मुठीच्या कितीतरी पट. मीठ खरोखर ओढत असते तर रस्त्याच्या मोरीचे तोंड ही तळ्यावरची सर्वांत मोक्याची जागा ठरली असती. हिवाळ्यात कार्प सुस्त असतो हे खरे, पण वसंतातही त्या मोरीपाशी जागा धरण्यासाठी भांडण झाल्याचे कुणी सांगत नाही. उत्तर अमेरिकेत हेच रस्त्याचे मीठ तळ्यांचे प्रदूषण म्हणून मोजले जाते. कॅनडाची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे १२० मिलिग्रॅम क्लोराइड आहे, आणि त्याहून कमी मात्रेतही पाणपिसवांसारखे सूक्ष्म जीव घटतात असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र आपल्या एकरभर तळ्यात तेवढे क्लोराइड वाढवायला टनभर मीठ लागेल. मूठभर मिठाने तळे बिघडत नाही, हेही त्याच हिशेबाने कबूल केले पाहिजे.

ही समजूत आली कुठून? आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या आपल्या ग्रंथात कार्पसाठी मध-साखर घातलेल्या पिठाच्या गोळ्या सांगितल्या. १३ सप्टेंबर १९५२ ला रिचर्ड वॉकरने रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा विक्रमी कार्प धरला तो पावावर. तो मासा पुढे १९७१ पर्यंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगला. जून १९८० मध्ये त्याच तळ्यात ख्रिस येट्सने साडेएक्कावन्न पौंडांचा धरला तो स्वीटकॉर्नवर. मिठाचे नाव यांत कुठे नाही. मीठवाला म्हणेल, पावात आणि डब्यातल्या मक्यात मीठ असतेच. असते. पण मग मीठ सगळ्यांच्याच आमिषात होते, आणि जे सगळ्यांत सारखे आहे त्याने यश-अपयशातला फरक समजावता येत नाही. मला वाटते, बीज पडले ते १९७० च्या आसपास. फ्रेड विल्टन यांनी तेव्हा मांडले, की कार्पला खाद्याचे पोषणमूल्य कळते आणि तो सकस आमिषाकडे परत परत येतो. बॉयलीचा जन्म त्यातून झाला, आणि सकस आमिष खाऊन सरावल्यावर मासा त्यावर टिकतो एवढा त्यात तथ्यांश आहे. पण 'सकस कळते' यावरून 'अंगात काय कमी आहे ते कळते' आणि त्यावरून 'ते लांबून हुंगता येते' अशा दोन पायऱ्या नकळत चढल्या गेल्या. सैंधव उभे आहे ते तिसऱ्या पायरीवर.

प्रतिपक्षाकडे एक अस्त्र मात्र खरे आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. रोहू-मृगळांसारख्या भारतीय कार्पांच्या खाद्यात टक्का-दीड टक्का मीठ मिसळल्यास वाढ सुधारते, असे आपल्याकडच्या काही प्रयोगांत आढळले आहे. क्षार शोषायला कल्ल्यांची ऊर्जा खर्च होते, ती थोडी वाचते आणि पचनालाही मदत होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हे मी मोकळेपणाने मानतो. पण ती माशाने गिळल्यानंतरची गोष्ट आहे, आणि रोज, महिनोन्‌महिने गिळल्यानंतरची. मत्स्यशेती करणाऱ्याला तिचा उपयोग आहे. शनिवारी सकाळी येऊन रविवारी परतणाऱ्याला त्यातून काय मिळणार?

मग मीठ कशासाठी ठेवावे? एक तर टिकवण्यासाठी. मिठात घोळवलेल्या बॉयलीतले पाणी बाहेर ओढले जाते, तिला बुरशी धरत नाही, थंडीत ती दगडासारखी गोठत नाही. शिजवलेले बी दोन दिवस जास्त राहते. पाण्यात पडल्यावर हे मीठ आधी विरघळते आणि गोळी किंचित सच्छिद्र होते, त्यामुळे आतली अमिनो आम्ले लवकर सुटत असावीत. मीठ घातल्यावर मासा लागल्याच्या काही गोष्टींमागे हेच असेल तर मला नवल वाटणार नाही. दुसरा उपयोग खास आहे. कार्पवाले पीव्हीएच्या पारदर्शक पिशवीत खाद्य आणि गळ दोन्ही भरून फेकतात. तळाशी गेल्यावर पिशवी विरघळते आणि गळ खाद्याच्या ढिगाऱ्यातच पडलेला राहतो. ओला मका त्या पिशवीत भरला तर ती हातातच चिकट होऊन फाटते. तोच मका मिठात चांगला घोळवला आणि खाली साचलेले पाणी खारट झाले, की पिशवी सुकी राहते, कारण पीव्हीए दाट मिठाच्या पाण्यात विरघळत नाही. यासाठी साधे खडेमीठ पुरते.

राहिला अनुभवाचा एक्का. मीठ टाकले त्या दिवशी वारा फिरलेला असतो, पाणी तापलेले असते, बाजूची जागा कुणी सोडलेली असते, बी नेहमीपेक्षा जास्त ओतलेले असते. मासा लागला की आठवण मिठाची राहते. न लागलेले दिवस कुणी मिठाच्या खात्यावर मांडत नाही. ज्याला खरेच पाहायचे असेल त्याने एकाच हंड्यातले खाद्य दोन बादल्यांत घ्यावे, मीठ कुठल्या बादलीत घालायचे ते दुसऱ्याने ठरवावे, बादल्यांवर फक्त खुणा कराव्यात, दोन जागा आलटून पालटून वापराव्यात, आणि किती फेऱ्यांनंतर हिशेब करायचा ते पहिल्या फेरीआधी लिहून ठेवावे. मिठाचे पाणी हाताला कळते, म्हणून खाद्य टाकणाराही तिसराच असावा. आणि मिठाची बादली कोणती हे गळ टाकणाऱ्याला शेवटचा मासा मोजून होईपर्यंत सांगू नये.